हरण्या-पवळ्याचं देऊळ

दिनू, तुझा वर्गीस येतोय.

केरळातून निघालाय. तू गेल्याचं त्याला तुमच्या नेव्हीतल्या कुणीतरी कळवलं आणि त्यानं तुझ्या नंदाच्या मोबाईलवर फोन लावला. नंदानं तो माझ्या कानाला धरला. मला वाटलं, माणूस रडेल, दोन शब्द बोलेल आणि ठेवून देईल. रडलाही. पण रडून झाल्यावर म्हणाला, "दाजी, मैं आ रहा हूँ. साहब का घर देखना है. और वो मंदिर भी देखना है, हरण्या-पवळ्या का. मेरा मन्नत बाकी है."

तू मला दाजी म्हणायचास म्हणून त्याला वाटतं, माझं नावच दाजी आहे. त्याचं मला काही नाही. पण मंदिर? मी हां हां केलं, फोन नंदाच्या हातात दिला आणि ओट्यावर बसून राहिलो. हरण्या-पवळ्याचं मंदिर आता मी कुठून आणू? हरण्या आणि पवळ्या आपल्या मोटेचे बैल होते. हे तुला माहीत, मला माहीत, गावातल्या उरलेल्या चार म्हाताऱ्यांना माहीत. आणि त्या माणसाला मात्र गेली पन्नास वर्षं वाटतंय की ते देव आहेत, त्यांनी त्याला समुद्रातून जिवंत घरी आणलं आणि त्यांच्यापुढं नारळ फोडायचा राहिलाय.

हे सगळं तू माझ्या गळ्यात घालून गेलास. दवाखान्यात माझा हात धरून म्हणालास, "दाजी, वर्गीस येईल कधीतरी. त्याचं तुमी बघा." मी विचारलं, "काय बघू?" तू डोळे मिटलेस. अवघड प्रश्न आला की तू लहानपणापासून डोळेच मिटायचास. मी म्हटलं, करतोय नाटक, उघडेल जरा वेळानं. उघडले नाहीस.

नंदा म्हणते, मामा, आम्ही बाबांचं पुस्तक काढतोय, त्यात तुम्ही लिहा. हुद्दे, बदल्या, पदकं मी लिहिते, तुम्ही तुमचं काय ते लिहा. मी चौथी शिकलेला माणूस. जोडाक्षर आलं की माझं पेन अडतं. पण तुझ्याशी बोलायचं तर लिहूनच बोलावं लागणार आता. आणि मला बोलायचंय, कारण वर्गीस येतोय आणि त्याला काय सांगायचं ते ठरत नाही.

बाकीच्यांचं ठरलंय. नंदा म्हणते, भैरोबाच्या देवळात न्या, नारळ फोडतील, समाधानानं जातील. एवढ्या लांबून येणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचं मन कशाला मोडायचं? आमचा पांडू म्हणतो, "बाबा, तुमी काय करू नका, फकस्त तोंड बंद ठेवा." म्हणजे जे मला जन्मात जमलं नाही, तेवढंच करायचं.

आणि तुझ्याशी तरी माझं भांडण कशावरून होतं? याच्यावरूनच ना. बैलाला बैल म्हणायची लाज वाटली तुला, एवढंच माझं म्हणणं. अजूनही तेच आहे.

तुझ्या गावाला शाळा चौथीपर्यंत. पुढं शिकायला तू आक्काकडं, म्हणजे माझ्याकडं राहायला आलास. माझं नुकतंच लग्न झालेलं, आणि बायकोबरोबर हा मेव्हणा पदरात पडला. किडकिडीत, पायात कायम काटा, नाही तर काट्याची जखम. सरू तुला भाकरी वाढायची आणि माझ्याकडं बघायची, मी काही बोलतो का. मी बोलायचो. तू आपला जेवायचास.

घोडेगावच्या बाजारातून मी ती जोडी आणली, तेव्हा तू बरोबर होतास. सगळ्या वाटेनं तू त्यांच्याशी बोलत आलास. हरण्या पांढरा, शिंगं मागं वळलेली, चालायला सरळ. पवळ्या तांबूस, डोळ्यानं लबाड. कामाला लावायच्या आधीच कळत होतं, हा कुठं कुठं अंग चोरणार. तू म्हणालास, "दाजी, ह्यो पवळ्या हुशार हाय." मी म्हटलं, "आळशी माणसाला समदे हुशार म्हनत्यात, तुझ्यासारखं."

आता मोट काय असते, हे नंदाच्या पोरांना सांगावं लागतं, म्हणून इथं लिहितो. विहिरीच्या काठापासून खाली उतरती धाव असायची. नाड्याला, म्हणजे जाड दोराला, बांधलेली कातड्याची मोट विहिरीत सोडायची आणि बैल धावेवरून खाली हाकायचे. ते ओढत खाली गेले की मोट वर येणार, पाणी ओतणार. मग बैलांनी तसंच मागं मागं सरत वर यायचं, मोट पुन्हा तळाला. असं दिवसभर. बैल ओढायला लागले की गाणारा गाणं सुरू करायचा, आणि मोट तळाला टेकली की गप्प व्हायचा. मोट भरायला वेळ द्यावा लागतो. भरताना खालून बुडबुड आवाज येतो, तो कान देऊन ऐकायचा. भरली की पुन्हा गाणं. गाणं जितकं लांब, तितकीच मधली गप्प. ती गप्प ज्याला जमत नाही, त्याची मोट अर्धीच वर येते.

चाल माझ्या बापाची. शब्द ज्याचे त्यानं घालायचे, कारण त्यात आपापल्या बैलांची नावं यावी लागतात. माझे असे होते:

हरण्या माझ्या, पवळ्या माझ्या, नेटानं चला रं,
काळ्या खोल पाताळाचं पानी वर काढा रं.

पुढं आणखी होतं, पण तुझं आवडतं एवढंच.

सरू तिकडं वाफ्यात पाण्याची दारं धरायची. मोट भरताना मी गप्प झालो की कांद्याच्या रानातून ओरडायची, "अवं, झोपला का काय?" मी विहिरीवरून ओरडायचो, "तुझ्या बापानं जागं ठेवलंय!" आणि तू दोघांच्या मधे, पाटाच्या कडेला पुस्तक उघडं टाकून हसत बसायचास. तुझ्या बापाचा उद्धार चाललाय, याचं तुला काही नाही.

तुझा गळा माझ्यापेक्षा चांगला होता. हे मी तुला जिवंतपणी सांगितलं नाही, कारण तू आधीच पुष्कळ शेफारलेला. आता घे. लई चांगला होता. पण पवळ्या तुझ्या गाण्यावर हलायचा नाही. तू धावेवर उभा राहून असा काही सूर लावायचास की वाटेनं जाणारी माणसं थांबायची, आणि पवळ्या ढिम्म. तू रडकुंडीला येऊन म्हणालास, "दाजी, मी तुमच्यापरीस चांगलं म्हनतो, तरी ह्यो का जात न्हाई?"

"बैलाला चांगलं नको आसतं. येळंवर लागतं."

"म्हंजी?"

"म्हंजी तुझी तान संपायच्या आत त्याला मुतून यायला येळ मिळतो."

सरूनं मला त्याबद्दल झापलं. पण तू दुसऱ्या दिवसापासून तान सोडलीस आणि वेळ धरलीस. मग पवळ्या तुझंही ऐकायला लागला. त्यानंतर तुला ते गाणं खरं आलं, असं मी म्हणेन. शाळेतले गुरुजी तुला 'पानी' म्हटलं की छडी मारायचे, 'पाणी' म्हण म्हणून. तू शाळेत पाणी म्हणायचास आणि धावेवर पानी. धावेवर पाणी म्हटलं असतंस तर पवळ्यानं नाव बदलून घेतलं असतं.

पुढं गुरुजींनीच तुला फौजी शाळेच्या परीक्षेला बसवलं आणि तू गेलास. मग नेव्ही. पांढरा कडक ड्रेस घालून पहिल्यांदा आलास, तेव्हा सरूनं तुला बाजेवर बसू दिलं नाही, डाग पडेल म्हणून. तू म्हणालास, "मग काय उभाच ऱ्हाऊ व्हय?" ती म्हणाली, "ऱ्हा. बगू दे." आणि बघतच राहिली.

एकाहत्तरची लढाई झाली आणि तू तिच्यातून धडधाकट परत आलास. त्या सुट्टीत तू ती गोष्ट सांगितलीस. आपण तिघं जेवत होतो. लढाईच्या थोडं आधीची गोष्ट. जहाजावर साहेब लोकांची जेवणं झाल्यावर एकेकानं काहीतरी म्हणायचं, असा त्यांचा रिवाज. एकानं इंग्रजी गाणं म्हटलं, एकानं गझल. मग कॅप्टन तुझ्याकडं वळले. तू सगळ्यात लहान. तुला सिनेमातली गाणी पाठ होती, पण भीतीनं एकही आठवेना. आणि तोंडातून निघालं ते आपल्या मोटेचं. तू सांगत होतास आणि मला इतका आनंद झाला होता, दिनू! माझे बैल साहेबांच्या टेबलापर्यंत पोचले!

मग तू पुढचं सांगितलंस. कॅप्टन वरच्या मुलखातले, मराठी येत नव्हतं. त्यांना गाण्यातले दोनच शब्द कळले, पाताळ आणि पानी. आपलं गावठी पानी आणि त्यांच्या हिंदीतलं पानी एकच निघालं. त्यांनी मान डोलावली आणि विचारलं, "हरण्या-पवळ्या. ये आप के गांव के देवता हैं? पानी के?"

"मग तू काय म्हनालास?" मी विचारलं.

"मी म्हनालो, येस सर."

मी भाकरी खाली ठेवली. "येस सर? बैल हायेत म्हनून सांगाया काय झालं हुतं तुला?"

"दाजी, समदी मोठमोठ्या घरची पोरं हुती तिथं. इंग्रजीत हसत्यात ती."

"हसूंदे की! हरण्या का चोरून आनलाय?"

सरूला हसू आवरेना. पदर तोंडात धरून म्हणाली, "बरं झालं. दोघंबी देव झालं. आता गोठा झाडताना शेन म्हनू का परसाद?"

तू हसलास, ती हसली. मी नाही हसलो. मला खरंच राग आला होता. आमचे बैल मुके, त्यांच्यामुळं दोन वेळची भाकरी मिळते, आणि त्यांची ओळख सांगायची वेळ आली तर तुला देव करावा लागतो! म्हणजे बैल म्हणून त्यांची किंमत नाही? हे मी तुला त्या दिवशी म्हणालो आणि मग दरसाल म्हणत राहिलो.

पुढचा दुष्काळ आठवतो? तू विसरणार नाहीस कधी. विहिरीत मोट सोडली की चिखल यायचा. मग तोही येईना. हरण्या बसला तो उठला नाही. तू नेमका तेव्हा सुट्टीवर आलास. आपण दोघांनी विहिरीजवळच्या बाभळीखाली खड्डा खणला. जमीन अशी की टिकाव उडी मारून परत यायचा. तुझ्या हाताला फोड आले. मी म्हणालो, "सरकार तुला फुकट खाऊ घालतंय." तू एरवी उत्तर दिलं असतंस. त्या दिवशी नुसता खणत राहिलास. माती लोटून झाली आणि तू विहिरीच्या पलीकडं जाऊन ओकलास. मला दिसू नये म्हणून पलीकडं गेलास. मला दिसलं.

त्यानंतर धावेच्या उतारावर बसून तू मला लढाईतलं सांगितलंस. आधी कुणाला सांगितलं नव्हतंस, आक्कालाही नाही.

जहाजाच्या जवळ काहीतरी फुटलं. सगळं जहाज हललं. खाली इंजिनवर सात-आठ जण होते, त्यांच्याकडचे दिवे गेले. वरची जाड लोखंडी झाकणं लावून घ्यायचा हुकूम झाला, कारण एका खोलीत पाणी शिरलं तर ते दुसरीकडं जाऊ नये. झाकणं लागली, म्हणजे ती माणसं खाली कोंडली गेली. खालच्यांशी बोलायला एक नळी असते. तुला तिच्या तोंडाशी उभं केलं आणि सांगितलं, यांच्याशी बोलत राहा, त्यांना धीर सुटू देऊ नको. तू बोललास. काय बोलणार? सगळं ठीक आहे, सगळं ठीक आहे. चार वेळा म्हटल्यावर ते तुलाच खोटं वाटायला लागलं. तेवढ्यात नळीतून एकाचा आवाज आला, "सर, वो भगवान वाला गाना बोलो." तो वर्गीस. साहेबांच्या मेसमधलं गाणं वाढप्यांकडून खालपर्यंत कधीच पोचलेलं.

तू गायला लागलास. आणि सवयीनं मधे गप्प झालास, मोट भरायला वेळ द्यावा तसा. तुझ्या ध्यानातही आलं नाही. खाली मात्र काळोखात त्यांना वाटलं, वरचा माणूस गेला. पुन्हा काहीतरी फुटलं असेल, साहेब मेला असेल. ते सगळे एका दमात ओरडले, "हरण्याऽऽ! पवळ्याऽऽ!" तू पुढची ओळ धरलीस. पुन्हा गप्प. पुन्हा ते ओरडले. तू म्हणालास, "दाजी, मंग मी मुद्दाम गप व्हायला लागलो. त्यांनी वरडावं म्हनून. वरडत्यात म्हंजी जित्ते हायेत." झाकणं उघडेपर्यंत ते तसंच चाललं. सगळे वर आले.

हे सांगून तू हाताला लागलेली माती झाडलीस. मी त्या वेळी तोंड बंद ठेवायला पाहिजे होतं, असं सरू नंतर म्हणाली. पण मी म्हणालो, "तरीपन दिन्या, बैल म्हनायला पायजे हुतं."

तू माझ्याकडं बघितलंस. "काळोखात कोंडलेल्या मानसानं कुनाला हाक मारायची, ते तुमी-मी ठरवायचं व्हय, दाजी?"

मी उठून पवळ्याला पाणी दाखवायला गेलो. पाणी नव्हतंच.

पुढं विहिरीवर इंजिन आलं, मोट गेली, मुळा धरणाचं पाणी कालव्यानं आलं. पवळ्या म्हातारा होऊन गेला, त्यालाही हरण्याशेजारी त्याच बाभळीखाली ठेवला. गोठ्यात बैल राहिले नाहीत, पण बैलपोळ्याला तू यायचास. कुठंही बदली असो, मुंबई असो नाही तर विशाखापट्टण, रजा टाकून यायचास. पुढं रिटायर होऊन नगरला राहिलास तेव्हा तर गाडी घेऊन यायचास. पोळी खायचास आणि सरूकडं बघून डोळा मारायचास, "आक्का, आज देवांचा सन!" झालं. माझी सुरुवात. सरू म्हणायची, ह्यांना पोळी पचत न्हाई भांडल्याबिगर.

तुझे मुद्दे मला सगळे पाठ आहेत. पोळ्याला आपण बैलाला ओवाळतो का नाही? ओवाळतो. नैवेद्य देतो का नाही? देतो. त्याच्या पाया पडतो का नाही? मग देव म्हटलं तर काय बिघडलं? मी म्हणायचो, पाया बैल म्हणून पडतो. त्यानं ओढलंय म्हणून पडतो. देवानं माझ्या रानात काय ओढलंय? तू म्हणायचास, दाजी, तुमी नास्तिक हायेत. मी म्हणायचो, मी शेतकरी हाय. आणि पुढच्या पोळ्यापर्यंत ते तिथंच लटकत राहायचं.

सरू गेली तेव्हाचं तुला सांगतो. तुला वाटलं असेल, माझ्या ध्यानात नाही. पाव्हणेरावळे गेले, घर रिकामं झालं, पांडूची बायको ताट वाढून ठेवायची आणि ते तसंच उचलून न्यायची. तू दर रविवारी नगरहून यायला लागलास. कधी चुलीपाशी गेला नव्हतास, पण पिठलं करायचास. बायकांना बाजूला सारायचास, "हे नेव्हीचं पिठलं हाय" म्हणायचास आणि गुठळ्या करून ठेवायचास. समाधानाच्या गोष्टी सांगायला सगळं गाव येत होतं. तू एकही सांगितली नाहीस. एका रविवारी ताट माझ्यापुढं सरकवलंस आणि म्हणालास, "दाजी, भांडू या का?"

मी ताटाला हात लावला नाही.

"हरण्या-पवळ्या देवच हुते," तू म्हणालास. "पवळ्या तर जरा जास्तच."

मी काय काय बोललो, देव जाणे. तुझी अक्कल काढली, तुझं शिक्षण काढलं, तुझ्या कॅप्टनला शिव्या दिल्या. पांडू पळत आला, काय झालं म्हणून. तू शांतपणे गुठळ्या मोडत बसला होतास. माझं बोलून झालं तेव्हा ताटातली भाकरी संपलेली होती. मला कळलंच नाही मी कधी खाल्ली. तुझी आक्का गेली होती रे, तुझी आई म्हणावी अशी, आणि तू माझ्यासाठी शिव्या खात बसलास. तेव्हाच मला तुला काहीतरी म्हणायचं होतं. मी म्हणालो, "पिठलं बिघडलंय."

इथवर लिहिलं होतं. मग वर्गीस आला आणि गेला, त्यात चार दिवस मोडले. आता पुढचं लिहितो.

नंदानं त्याला नगरच्या स्टँडवरून गाडीत आणलं. उंच, काळासावळा, वाळलेला माणूस. काखेत छत्री, खांद्याला पिशवी. पिशवीत त्याच्या घरच्या झाडाचे नारळ. मला बघितल्याबरोबर गळ्यात पडला. त्याच्या अंगाला तेलाचा वास होता. तुझ्या फोटोपुढं बराच वेळ बसला. मग म्हणाला, "चलो दाजी."

गाडीत नंदानं माझा हात दाबला. "मामा, भैरोबा." मी खिडकीबाहेर बघत बसलो.

देवळापाशी उतरलो. वर्गीसनं बूट काढले, मोजे काढले, पिशवीतून नारळ काढून छातीशी धरले. आत गेला. गाभाऱ्यात वाकून बघितलं. एवढं शेंदूर लावलेलं एकच दगडी ठाण. त्यानं उजवीकडं बघितलं, डावीकडं बघितलं. मग माझ्याकडं वळला.

"दाजी, इधर एक ही है. दूसरा किधर?"

नंदा म्हणाली, "अंकल, दूसरा…" आणि अडली. तिचं काय चुकलं? तिनं खूप केलं. पण तो माणूस इतक्या भोळेपणानं विचारत होता! दोघांनी वाचवलं, तर दुसऱ्याला सोडून नारळ कसा फोडायचा? त्याला दोघांचं देणं होतं, आणि आम्ही त्याला अर्ध्यावर मिटवायला निघालो होतो. मला नाही राहवलं.

"वो इधर नहीं," मी म्हणालो. "बूट डालो. चलो."

रानात नेलं. विहिरीवर आता मोटर आहे, धाव केव्हाच सपाट झाली, कांदा लावलाय. बाभूळ आहे अजून. मी बोट दाखवलं. "इधर हरण्या. उसके बाजू में पवळ्या. वो भगवान नहीं था. बैल था."

"बैल?"

त्यानं दोन बोटं डोक्याला लावून शिंगं करून दाखवली.

"हां. वोच."

वर्गीस मोटरच्या पाईपावर बसला. नारळ मांडीवर. मी वाट बघत होतो, हा आता हसेल, नाही तर रडेल. त्याला राग आला. तोंडावर शिरा दिसायला लागल्या.

"साहब मेरे को झूठ बोला?" म्हणाला. "मैं चर्च में जाता है, दाजी. हर साल फादर को बोलता है, फादर, मैंने लड़ाई में दूसरा भगवान को पुकारा, माफ करो. पचास साल माफी मांगा मैंने. और वो बैल था?"

त्याच्या बाजूचंही खरं होतं. मी म्हणायला पाहिजे होतं, व्हय बाबा, मी हेच सांगतोय आयुष्यभर, पण ऐकतो कोण! एवढ्या वर्षांनी मला माझ्या बाजूचा माणूस मिळाला होता. केरळातून स्वतःच्या खर्चानं आला होता. आणि मी तोंड उघडलं तर भलतंच निघालं. माझी हिंदी संपली होती, मी मराठीतच बोलायला लागलो, नंदा त्याला सांगत गेली.

"पोरगं हुतं ते. बावीस वर्साचं. समदी बड्या घरची मानसं, मधे ह्यो एकटा खेड्यातला. बैल म्हनला असता तर हसला असता का न्हाई तुमी?"

वर्गीसनं विचार केला. "हँसता," म्हणाला. "बहुत हँसता."

"मग? त्या दिवशी खाली कोंडल्यावर बैलाचं गानं मागितलं असतं का?"

तो कांद्याच्या रानाकडं बघत राहिला. "नहीं."

"काळोखात मानसानं कुनाला हाक मारायची ते…" आणि मी थांबलो. पुढचं मला पाठ होतं, पण ते माझं नव्हतं. तुझं होतं. नंदा माझ्याकडं बघत होती. तिला पाठ होतं तेही. लहानपणापासून दर पोळ्याला ऐकलंय तिनं, कोण कुठल्या बाजूनं बोलतं ते.

वर्गीसचा राग उतरला. त्यानं विचारलं, काम कसं होतं त्यांचं? मी सांगितलं. हरण्या कसा सरळ ओढायचा, पवळ्या कसा अंग चोरायचा. तो मन लावून ऐकत होता. पवळ्याचं ऐकून म्हणाला, हमारे इंजिन रूम में भी एक था. मग उठून त्यानं दोन्ही जागी एकेक नारळ फोडला. मला खोबरं दिलं, नंदाला दिलं, स्वतः खाल्लं.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. बायको. त्याला कमी ऐकू येतं, म्हणून मोठ्यानं लावतो. तिची भाषा काय कळत नव्हती, मधे मधे हरण्या-पवळ्या मात्र कळत होतं. काय ठसक्यात विचारत होती! नवऱ्याला असं ठसक्यात विचारणारं माणूस घरात असणं म्हणजे काय, हे मला विचार. तिनंच पाठवलं होतं त्याला. देव कुणाचाही असो, कबूल केलंय तर जाऊन या, म्हणून वर्षानुवर्षं मागं लागली होती.

वर्गीसनं फोनवर हात ठेवला. "पूछती है, मंदिर मिला क्या." माझ्याकडं बघून त्यानं अगदी हळू विचारलं, "क्या बोलूँ, दाजी?"

फोनमधून ती बाई हाका मारत होती.

"मिला बोलो," मी म्हणालो.

"आप बोलता है?"

"हां, मैं बोलता. मिला बोलो. दोनों मिला."

त्यानं सांगितलं. पलीकडं ती रडत रडत हसायला लागली. दोन मुलखांच्या पलीकडून तिचं हसणं आपल्या विहिरीवर ऐकू येत होतं.

दिनू, तुला जे बाविसाव्या वर्षी जमलं, त्याला मला उभा जन्म लागला.